साडूसाठी शाडू

"एका रविवारचं काम आहे," हरिचंद्र शेलारांनी जाहीर केलं, आणि आमटीचा भुरका मारून झाल्यावर "तोही अर्ध्याच" अशी पुस्ती जोडली.

हे त्यांनी बदलापूरला, सासुरवाडीत, पंगतीत बसून जाहीर केलं, हीच मुळात चूक झाली. जेवताना बोलू नये असं डॉक्टर सांगतात ते पचनासाठी. सासूसमोर तर मुळीच बोलू नये, हे डॉक्टरही सांगत नाहीत, कारण त्यांनाही सासू असते.

विषय होता साडूंच्या खोक्याचा. साडू म्हणजे आनंदराव, हरिचंद्रांच्या बायकोच्या, शालनच्या, धाकट्या बहिणीचे, बकुळाचे, यजमान. विलायतेत कुठल्याशा विमानतळावर लोकांच्या बॅगा या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर ठेवायचं काम करायचे. सासुरवाडीत त्याला 'एव्हिएशनमध्ये आहेत' म्हणत. हरिचंद्र अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीचे स्टोअरकीपर. अठरा वर्षांत एक पिंप इकडचं तिकडे झालेलं नाही. त्याला मात्र सासुरवाडीत 'गोडाऊनला असतात' म्हणत. आता दोघंही सामानच सांभाळतात, पण एकाचं सामान उडतं आणि एकाचं जागेवर राहतं, एवढ्यावर माणसाची किंमत ठरते.

तर एकोणनव्वद साली आनंदराव दोन महिन्यांच्या रजेवर आले आणि येताना एक खोकं घेऊन आले. त्यात शिशाचे इंच इंच उंचीचे शिपाई. एक इंग्रजांची फौज, एक फ्रेंचांची, घोडदळ, तोफा, घोड्यावर बसलेला फ्रेंच सेनापती, आणि एक इंग्रजी नियमांचं पुस्तक. शिपाई टेबलावर मांडायचे, फासे टाकायचे, पट्टीनं मोजून पुढे सरकवायचे आणि लढाई करायची. फौज विकत मिळते, पण रणांगण ज्याचं त्यानं बनवायचं. डोंगर, नदी, पूल, खेडं, झाडं, सगळं.

"तिकडे माणसं एकेका टेकडीवर वर्ष वर्ष घालवतात," आनंदराव म्हणाले. "खोकं तुमच्याकडे ठेवतो आणि मी गावाकडे जाऊन येतो. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तुमच्याकडे अंबरनाथला. बघा हरिभाऊ, जमलं तर. नाहीतर कॅरम आहेच."

'कॅरम आहेच'वर सासूबाई हसल्या. मोतीबाई तशा हसणाऱ्यातल्या नव्हत्या. मोठ्या जावयाच्या कुठल्याही विनोदाला चौदा वर्षांत त्या हसल्या नव्हत्या, आणि आज धाकट्याच्या विनोदाला हसल्या, तेही मोठ्यावर. तेव्हा ते अर्ध्या रविवारचं वाक्य हरिचंद्रांच्या तोंडून निघून गेलं. आता टेबल उभं राहिलं नसतं तर मोतीबाईंच्या दरबारात ते कायमचे गोडाऊनमध्ये गेले असते.

पहिला डोंगर थर्माकोलचा झाला. कंपनीत यंत्रं थर्माकोलमध्ये गुंडाळून येतात, त्याचा ढीग स्टोअरमागे पडलेला. तो बाहेर न्यायला गेटपास लागतो. गेटपासवर स्टोअरकीपरची सही लागते. स्टोअरकीपरनं स्वतःलाच सही दिलेली गेटवर चालत नाही. त्यामुळे हरिचंद्रांनी कँटीनच्या माणसाच्या नावे अर्ज लिहिला, त्याला मंजुरी दिली आणि मग त्याच्याकडून थर्माकोल मागून घेतलं. यात पहिला रविवार गेला.

दुसऱ्या रविवारी डोंगर कापला. गॅलरीत फोल्डिंगचं जेवणाचं टेबल मांडलं, त्यावर डोंगर ठेवला. उंच, देखणा, दोन सुळक्यांचा. शालननंही भाजी निवडता निवडता मान वर करून बघितलं. समोरच्या ब्लॉकमधले बाळाजी मास्तर, निवृत्त, त्यामुळे सल्ल्याला कायम मोकळे, म्हणाले की पोस्टरचा रंग लावा.

"मास्तर, रंगाचं मला सांगू नका," हरिचंद्र म्हणाले. "अठरा वर्षं केमिकलमध्ये आहे."

त्यांनी दाराखिडक्यांचा हिरवा ऑइलपेंट घेतला, भरपूर थिनर घालून पातळ केला आणि डोंगराला मायेनं अंघोळ घातली. मग हात धुवायला आत गेले. थिनरनं थर्माकोल विरघळतं, ही गोष्ट त्यांच्याच स्टोअरमध्ये भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेली होती. बोर्डही त्यांनीच रंगवून घेतला होता. पण बोर्ड हा कामगारांसाठी असतो.

ते टॉवेलला हात पुसत बाहेर आले तेव्हा टेबलावर हिरवं पिठलं होतं.

"अहो, डोंगर कुठाय?" शालननं विचारलं.

"बसला," हरिचंद्र म्हणाले.

दोन दिवसांनी मास्तरांनी दुसरा सल्ला दिला, तो मात्र हरिचंद्रांनी ऐकला. शाडूचा डोंगर करा, शाडू रंगाला घाबरत नाही.

शाडूची माती गणपतीवाल्याकडे मिळते. मोरिवलीत सुदामचा गणपतीचा कारखाना होता. डिसेंबरात तिथे कोण जातो? सुदाम अंगणात खाटेवर उन्हाला पडला होता. एकदम गिऱ्हाईक आलेलं बघून उठून बसला.

"साडूसाठी शाडू पायजे," हरिचंद्र म्हणाले.

सुदामला हे दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्याला वाटलं साहेब तोतरे आहेत.

"बरं, कंचा देव?"

"देव नाही. डोंगर."

"म्हंजे गोवर्धन. त्यावर किस्नदेवाचं बोट लागंल."

"बोट नको. नुसता डोंगर."

सुदामनं थोडा विचार केला. नुसता डोंगर त्यानं आयुष्यात केला नव्हता. मागे देव असल्याशिवाय डोंगराचं कोणी करत नाही. पण गिऱ्हाइकाच्या श्रद्धेत पडू नये, एवढं त्याला धंद्यानं शिकवलं होतं. तो फक्त म्हणाला, "पाट आना."

पाट म्हणजे घरचा लाकडी पाट. गणपती सांगायला जाताना आपला पाट नेऊन द्यायचा, त्याच्यावर मूर्ती घडते आणि पाटासकट घरी येते, ही पद्धत. हरिचंद्रांनी समजावलं की हा टेबलावर ठेवायचा आहे, पाट नको. सुदामनं शांतपणे सांगितलं की पाटाशिवाय तो मूर्ती करत नाही, त्याच्या बापानं केली नाही. शेवटी शालनच्या लग्नातला चांदीच्या फुल्यांचा पाट मोरिवलीला गेला. शालननं "परत येऊ दे म्हणजे झालं" एवढंच म्हटलं.

आठ दिवसांनी डोंगर तयार झाला. सुदामला सुळके करवेनात. ज्या हातानं जन्मभर गणपतीचं पोट घडवलं, त्या हातातून डोंगरही तसाच उतरला. रुंद, गोल, भरलेला, वर किंचित सपाट. दीड फूट उंच, वजन पस्तीस किलोच्या पुढे. तो रिक्षात मांडीवर घेऊन हरिचंद्र निघाले, वरून सुदामनं सवयीनं रुमाल झाकलेला. शिफ्ट सुटलेली. कामगारांनी रिक्षात पाट, पाटावर झाकलेली मूर्ती आणि मागे घामाघूम गृहस्थ बघितला आणि "मोरया" म्हणून हात जोडले. दोघं तिघं तर कोपऱ्यापर्यंत चालत आले. हरिचंद्रांनी एकदोनदा "डोंगर आहे" असं सांगून बघितलं, मग सगळ्यांना नमस्कार करत घरी आले.

आता रंग. या वेळी पोस्टरचा. डोंगर हिरवा झाला. नदीचा प्रश्न आला. प्लायच्या लांब पट्टीवर नदी रंगवायची, तिचा रंग कोणता? पुस्तकात लिहिलं होतं: प्रत्यक्ष नदी बघा आणि तसाच रंग द्या. हरिचंद्र प्रामाणिक माणूस. कंपन्यांमागचा नाला बघून आले. त्या दिवशी तो जांभळा होता, कडेला पिवळा, वर साबणासारखा फेस. त्यांनी नदी जांभळी केली, कडेला पिवळा पट्टा ओढला आणि वर दाढीच्या ब्रशनं पांढरा फेस काढला. मास्तरांनी बघून "अगदी आपली वाटते" असा शेरा दिला.

पुठ्ठ्याचा पूल, पुठ्ठ्याची तीन घरं आणि एक चर्चही झालं, आणि यानंतर पुस्तकात ते वाक्य आलं. डोंगराला सढळ हातानं डिंक लावा, त्यावर 'फ्लॉक' पसरा आणि जास्तीचं झटकून टाका.

हरिचंद्रांनी मास्तरांची डिक्शनरी उघडली. फ्लॉक: कळप, विशेषतः मेंढ्यांचा.

"बरोबर आहे," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "विलायतेत डोंगर म्हटला की मेंढ्या आल्याच. शिवाय फौजेला खायला काय? मटण चालत चालत बरोबर न्यायचं. यालाच रसद म्हणतात."

"आणि जास्तीचं झटकून टाका?"

"ज्या चिकटल्या नाहीत त्या पडतील. सैन्यातही तसंच असतं."

इतकं पटणारं स्पष्टीकरण हरिचंद्रांना अठरा वर्षांत कंपनीत मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते उल्हासनगरला टेकचंदच्या खेळण्यांच्या दुकानात गेले. नाताळ तोंडावर, त्यामुळे गव्हाणीच्या देखाव्यातल्या प्लास्टिकच्या मेंढ्या आलेल्या. सुट्ट्या मिळेनात. गोणपाटाच्या पिशवीत मेंढ्या, उंट आणि तीन राजे असा मिसळीचा माल होता. टेकचंद म्हणाला, "साईं, मिक्स है. भेड़ चाहिए तो ऊँट भी आएगा." हरिचंद्रांनी घरी आणून उंट वेगळे केले, राजे वेगळे केले, फेविकॉल फासला आणि शहाऐंशी मेंढ्या डोंगरावर चिकटवल्या. सढळ हातानं म्हटलं होतं. डोंगरावर बोट टेकायला जागा उरली नाही. फ्रेंच घोडदळ कुठून चढणार हा प्रश्न होता, पण तो फ्रेंचांचा होता.

फक्त सेनापतीसाठी मागच्या उतारावर दोन मेंढ्यांमध्ये एक फट ठेवली आणि त्याला घोड्यासकट तिथे चिकटवून टाकलं.

एवढ्यात सोसायटीची नोटीस आली.

हरिचंद्र राहायचे त्या सोसायटीचं नाव 'सुगंध'. समोर रंगाची कंपनी, मागे औषधाची, नाव ठेवणाऱ्यानं मनात काय धरलं होतं कळायला मार्ग नाही. तिचे सेक्रेटरी शंकरराव खालच्याच मजल्यावर राहायचे. जन्म मोजणी खात्यात गेलेला. निवृत्त झाल्यावरही खिशात टेप असायची. थर्माकोलचे कण त्यांच्या गॅलरीत उडत होते, त्याबद्दल ते तोंडी काही बोलले नाहीत, कारण तोंडी बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी लिहिलं:

'आपण आपल्या गॅलरीत विनापरवाना एक डोंगर, एक पूल, तीन घरे व एक चर्च यांचे बांधकाम केले असून नदीचा प्रवाह वळविला आहे, असे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत नकाशे तीन प्रतींत सादर करावेत अन्यथा बांधकाम निष्कासित करावे.'

हरिचंद्र नोटीस घेऊन खाली गेले. पुठ्ठ्याची घरं आहेत हो, काडेपेटीएवढी, असं म्हणाले. शंकररावांनी सांगितलं की नियमात घराची उंची दिलेली नाही. आज काडेपेटीएवढं घर सोडलं तर उद्या माणसं त्यात राहायला येतात. या भागात आपण हेच बघत आलो. मग ते टेप घेऊन वर आले. चर्च मोजलं, पूल मोजला, डोंगराचा घेर घेतला. डोंगर मोजताना मेंढ्या आत धरायच्या की बाहेर, यावर पाच मिनिटं थांबले आणि शेवटी आत धरल्या. त्यांचं म्हणणं पडलं की एवढ्या वजनानं गॅलरीचा स्लॅब खाली त्यांच्या डोक्यावर येईल. टेबलालाही तसंच वाटत असावं, कारण शंकरराव बोलत असतानाच त्याचा एक पाय फाकला.

हरिचंद्रांनी त्याच संध्याकाळी गॅलरी रिकामी केली. पण वन रूम किचनमध्ये एवढा मुलूख मावणार कुठे? खेडं आणि चर्च दोन खुर्च्यांवर गेलं. नदी आणि जंगल कॉटवर आडवं झालं. पाय दुखावलेलं टेबल मोरीशेजारी भिंतीला टेकलं. डोंगर कशावरच ठेवता येईना, तो पाटासकट भिंतीलगत जमिनीवर बसला. परवा रविवार. आनंदराव येणार. हरिचंद्रांनी ठरवलं की रविवारी सकाळी टेबलाला पट्टी ठोकायची आणि पाहुणे यायच्या आत सगळं पुन्हा मांडायचं.

पट्टी आणायला शनिवारी उल्हासनगरला गेले तेव्हा टेकचंदला उंट परत देऊन बघू म्हणून पिशवी बरोबर नेली. टेकचंदनं उंट घ्यायला नकार दिला. हरिचंद्रांनी पुराव्यादाखल नियमांचं पुस्तकच काढलं. बघा, यात फ्लॉक लिहिलंय, उंट कुठे लिहिलेत?

टेकचंदनं त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "साईं, फ्लॉक तो पावडर होता है. मखमल का. गोंद लगाओ, ऊपर छिड़को, मखमल बन जाता है." आणि त्यानं शेजारच्या गाळ्याकडे हात केला. तिथे दागिन्यांच्या डब्यांना आतून मखमल लावायचं काम चालायचं. सगळ्या उल्हासनगरला जो शब्द पाठ होता, तो हरिचंद्रांनी डिक्शनरीत शोधला होता.

हिरवं फ्लॉक ऑर्डर दिल्यावर आठ दिवसांनी मिळणार होतं. तयार होतं ते राणी कलरचं.

राणी कलर म्हणजे लग्नात करवलीच्या शालूचा असतो तो, लांबून टोचणारा गुलाबी. हरिचंद्र पिशवीभर राणी फ्लॉक घेऊन घरी आले. त्यांनी स्वतःला समजावलं की विलायतेत संध्याकाळच्या उन्हात डोंगर असाच दिसत असणार. मेंढ्या उपटून निघेनात, फेविकॉलची जाहिरात खोटी नव्हती. तेव्हा रविवारी सकाळी मेंढ्यांवरूनच पुन्हा जाड फेविकॉल फासला आणि चाळणीनं फ्लॉक पसरलं. सेनापतीही त्यात गेला. तासाभरात मेंढ्यांचे आकार पार बुजले. उरला एक गुबगुबीत, गोलमटोल, मखमली, राणी रंगाचा डोंगर. आतून अजून ओला होता.

शेवटी जास्तीचं झटकून टाका. हरिचंद्रांनी चाळणी आणि पिशवी गॅलरीतून झटकली. खाली शंकरराव धुतलेला पांढरा सदरा घालून, टेबल गेलं की नाही हे बघायला मान वर करून उभे होते. नोटिशीवरची कारवाई पूर्ण झाल्याची नोंद करायला आले होते. ते राणी रंगाचे होऊन आत गेले आणि लिहायला बसले.

हरिचंद्र घाईनं टेबलाकडे वळले. हातोडी घेतली, खिळा धरला, आणि बेल वाजली. पाहुणे दोन तास लवकर आले होते. विलायतेत राहून आनंदराव सगळं शिकले, फक्त वेळेवर यायचं म्हणजे नेमकं कधी, एवढं राहिलं होतं.

पुढे आनंदराव, मागे बकुळा, आणि तिच्या आधारानं जिना चढून दमलेल्या मोतीबाई. मोतीबाई येणार हे कोणाला माहीत नव्हतं. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकत आलेला, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना जमिनीवर बसता येत नसे. शालन पाण्याला आत धावली. हरिचंद्रांनी इकडेतिकडे बघितलं. खुर्च्यांवर खेडं. कॉटवर नदी. ते चर्च उचलायला वाकले, तेवढ्यात मोतीबाई भिंतीला हात लावत लावत चार पावलं चालल्या आणि डोंगरावर बसल्या.

हरिचंद्रांनी चर्च होतं तिथेच राहू दिलं.

मोतीबाईंनी दोन्ही हातांनी बाजूची मखमल चाचपली. थोडं सरकून नीट बसल्या. पाय ताणले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते चौदा वर्षांत हरिचंद्रांच्या वाट्याला आलं नव्हतं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांचा विचार कधी कोणी केला नाही हो. बसायला एवढा मऊ मोढा. आणि उंचीबी बरोबर. कुठून आणलात?"

"मोरिवलीला," हरिचंद्र म्हणाले. ते खोटं नव्हतं. "मुद्दाम करून घेतला." तेही नव्हतं.

"बघा आनंदराव," मोतीबाई धाकट्या जावयाकडे अंदाजानं तोंड करून म्हणाल्या, "तुम्ही मला विलायतेहून गरम पाण्याची पिशवी आणलीत. ती फुटली."

आनंदराव जांभळी नदी बघत होते. मग खेडं बघितलं, पूल बघितला.

"हरिभाऊ," ते म्हणाले, "बाकी ठीक आहे. डोंगर कुठाय?"

हरिचंद्रांनी डोंगराकडे बघितलं. डोंगरावर सासूबाई होत्या, आणि सासूबाई त्यांच्याकडे बघून हसत होत्या. दोन महिने, दोन डोंगर, शहाऐंशी मेंढ्या आणि एक नोटीस एका बाजूला. 'डोंगर तो बघा' एवढे तीन शब्द बोलायचे, की साडूची बोलती बंद.

"कसला डोंगर?" हरिचंद्र म्हणाले. "ते काही जमलं नाही बुवा. कॅरम काढू का?"

शालननं आतून त्यांच्याकडे बघितलं आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की आपल्या नवऱ्याला थोडी अक्कल आहे. आनंदराव खूश झाले. कॅरम निघाला. हरिचंद्र तीन डाव हरले आणि तिन्ही वेळा मोतीबाई "हरू द्या, मन मोठं आहे त्यांचं" असं म्हणाल्या. त्या चार तास जागच्या उठल्या नाहीत. जेवणही तिथेच बसून झालं. फेविकॉल तेवढ्या वेळात वाळतो.

चारच्या सुमाराला बकुळानं हात दिला आणि मोतीबाई उठल्या. त्यांच्याबरोबर लुगड्याला चिकटून एकतीस मेंढ्या आणि डोंगराचा वरचा भाग उठला. सेनापती कुठे मिळाला नाही. तो मंगळवारी बदलापूरला, मोतीबाई कॉटवर बसताना, घोड्यासकट सापडला.